काठीची लांबी

पुस्तकी ज्ञानाने मनुष्य कोठे कोठे फसतो याची यादी आम्ही कधी केली नाही; केली असती तर गळाच्या काठीस तीत मानाचे स्थान द्यावे लागले असते.

आमचे कनिष्ठ चिरंजीव गेल्या वर्षी बारावीच्या परीक्षेत घसरले, आणि त्या दिवशी आम्ही त्यांस बोलू नये ते बोललो. पुढे चार महिने बापलेकांत कामापुरतेच शब्द उरले. एके सायंकाळी त्यांनी आपण होऊन सांगितले की, आपणास बेटकास्टिंगची काठी व रीळ हवे आहे. धरमतरच्या खाडीत जिताडा गरवावयाचा आहे. आम्हांस मासा ठाऊक तो ताटातला! परंतु बोलावयास विषय मिळाला, या आनंदात काठी निवडण्याचा भार आम्ही शिरावर घेतला. "बाबा, साडेसहा किंवा फार तर सात फूट पुरे," असे ते म्हणाले होते. ते आम्ही ऐकले नाही. ऐकण्याची सवय हा आमच्या व्यवसायाचा गुण नव्हे.

आयझॅक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ साली निघाला. १६७६ च्या आवृत्तीस चार्ल्स कॉटनने पुरवणी जोडली. काठीची लांबी नदीच्या रुंदीवरून ठरवावी, ट्राउटच्या नदीस पाचसहा यार्ड पुरतात, असा कॉटनचा अभिप्राय. त्याच्या नदीपुढे आमची खाडी केवढी रुंद! शिवाय काठी लांब तितका टोकाचा वेग अधिक व फेक दूर, हे शाळेतले पदार्थविज्ञान होतेच. आम्ही ८ फुटांची काठी घरी आणली. चिरंजीवांनी ती पाहिली आणि "बरं," एवढेच म्हटले. त्या 'बरं'चा अर्थ आम्हांस बांधावर कळला.

खारबंदिस्तीचा तो बांध जेमतेम चार हात रुंद. पाठीशी बाभळी, समोर कांदळवनाची मुळे, आणि भरतीच्या पाण्यात त्या मुळांच्या आडोशाला टपून बसणारा जिताडा. पहिला मान वडिलांचा म्हणून काठी आमच्या हाती आली. आम्ही ती मागे नेली, तो टोक बाभळीत अडकले. काटे मोजून झाल्यावर दुसरी फेक केली. आमिष दहा हातांवर पडले आणि रिळावर तंगुसाचा असा गुंता झाला की पाहत राहावे. या रिळाची रचनाच तशी आहे. फेकताना त्याचे चाक स्वतः गरगर फिरते; आमिषाचा वेग मंदावला तरी चाक आपल्या वेगातच फिरत राहते, आणि बाहेर न जाणारा दोरा आतल्या आत फुगतो. चाकास आवर घालणारी कळ असते. तरी शेवटचा लगाम अंगठ्याचाच. अमेरिकन लोक या गुंत्यास पक्ष्याचे घरटे म्हणतात. आमच्या सुगरणीने हे ऐकल्यास तिला राग यावा.

चूक कोठे झाली ते आम्हांस मागाहून उमगले. कॉटनच्या काळी ट्राउटचा दोरा काठीच्या टोकास बांधलेला असे. हात पोहोचवावयाचा तो काठीनेच, म्हणून लांबी. रिळाने ते काम आपल्याकडे घेतल्यावर काठीस उरले ते आमिषाच्या वजनाने लवणे, उसळणे आणि नेम धरणे. अमेरिकेत हेन्शॉलने १८८१ साली ब्लॅक बासवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्याची काठी सव्वाआठ फुटांची होती. पुढे आमिष फेकण्याच्या काठ्या आखडत पाचसहा फुटांवर आल्या, आणि आता पुन्हा वाढून सात फुटांच्या आसपास स्थिरावल्या आहेत.

तरफेचा नियमही आम्ही उलटा वाचला होता. मासा लागल्यावर मूठ आपल्या हाती आणि लांब टोक माशाच्या हाती असते. काठी जितकी लांब तितकी त्याची ओढ मनगटावर जड. जिताडा लागताच मुळांकडे धाव घेतो, तेथे त्यास आवरावयाचे आहे. दूर फेक मोकळ्या किनाऱ्यावर उपयोगी. येथे शिकाऊ हातास साडेसहा फूटच बरे. मूठही अशी हवी की फेकताना बरगडीस टोचू नये. हे सारे चिरंजीवांनी दोन शब्दांत सांगितलेच होते.

गुंता सोडविण्यास पाऊण तास लागला. ते चाकावर अंगठा दाबून दोरा थोडाथोडा ओढीत होते, आम्ही सुटलेला दोरा धरून बसलो होतो. मान वर न करता त्यांनी विचारले, "बाबा, तुम्ही त्या दिवशी बोललात ते खरंच तुम्हाला तसं वाटतं?"

आम्ही म्हणालो, "नाही." आणखी पुष्कळ सांगावयाचे मनात होते. इंग्रजी निबंधकारांनी असल्या प्रसंगी काय काय म्हटले आहे तेही आठवत होते. "तेव्हाही वाटत नव्हते," एवढेच तोंडातून निघाले.

"धरा नीट," ते म्हणाले, "सैल सोडू नका."

पुढल्या आठवड्यात साडेसहा फुटांची काठी आली, ती त्यांची. आठ फुटी आमच्याकडे राहिली. अलीबागच्या मोकळ्या वाळूवर तिची फेक खरोखर दूर जाते. जिताडा अद्याप दोघांसही लागलेला नाही. रविवारची भरती पहाटे पाचची आहे. त्यांनी गजर लावला असून आम्हांस अंगठ्याला पट्टी बांधून झोपण्यास सांगितले आहे.