पाणी जाणार कुठून?

आमच्या पाँटून बोटीचा डेक कुजलेला आहे हे विकणाऱ्याने आधीच सांगितलं होतं आणि किंमतही त्याच हिशेबाने लावली होती. डावीकडच्या दारापाशी पाय टाकला की हिरव्या गालिच्याखाली काहीतरी मऊ दबायचं. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाकी नळकांडी धड होती, इंजिन धड होतं, ट्रेलर धड होता. जुना डेक उपसून नवा बसवायचा, एवढंच काम. पण तो कशाचा बसवायचा यावर आमच्या घरात सबंध हिवाळा गेला. मिनेसोटाचा हिवाळा असल्या वादांना भरपूर वेळ देतो.

पाँटून ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. ॲल्युमिनियमची दोन लांब, तोंडं बंद केलेली नळकांडी पाण्यावर तरंगतात. त्यांच्यावर आडव्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, पट्ट्यांवर सपाट डेक, डेकवर कठडा, सोफे आणि सुकाणू. टोकदार नाक नाही, वेगाचा तोरा नाही. आठ-दहा माणसं तळ्याच्या मधोमध नेऊन बसवायची, एवढाच हेतू. ही कल्पना आमच्याच राज्यातली. सेंट क्लाउडच्या पश्चिमेला रिचमंड नावाचं गाव आहे. तिथल्या अँब्रोज वीरेस या शेतकऱ्याने १९५२ साली पोलादी पिंपं टोकाला टोक जोडून दोन रांगा केल्या आणि त्यांवर लाकडी डेक ठोकला. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ मोजलेली आहेत. तेव्हा ही युक्ती इथे सुचली नसती तरच नवल. पुढे पिंपं जाऊन ॲल्युमिनियम आलं, पण डेक बहुतेक बोटींवर अजून लाकडीच आहे, म्हणजे प्लायचा.

आणि प्लाय म्हटलं की आमच्याकडे शेवटचा शब्द बाबांचा. सांगलीला त्यांचं प्लायवूड-सनमायकाचं दुकान होतं. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली, तरी कुणाच्याही घरी गेले की कपाटाच्या दारावर बोटांनी टकटक करून आत काय आहे ते ओळखण्याची सवय गेलेली नाही. मी व्हिडिओ कॉलवर कुजका तुकडा दाखवला. त्यांनी तो नीट बघितलाही नाही.

"मरीन घे. सातशे दहा, एकोणीस एमएम. विषय संपला."

आयएस ७१० हे भारतातल्या मरीन प्लायचं मानक. आपल्याकडे समुद्र न पाहिलेला सुतारसुद्धा ओट्याखालच्या कपाटांना सातशे दहाच मागतो, कारण त्या प्लायला पाण्यात न सुटणारा डिंक असतो आणि बुरशी-वाळवीविरुद्ध औषधही दिलेलं असतं. अमेरिकेतला मरीन ग्रेड प्लाय वेगळा. डग्लस फरसारखं चांगलं लाकूड, आतल्या थरांत पोकळी नाही, डिंक उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा. मात्र औषध नाही. थर एकमेकांपासून सुटणार नाहीत, पण लाकूड सतत ओलं राहिलं तर कुजेल. हे बाबांना सांगितलं तेव्हा ते चिडलेच.

"औषध नाही? मग दुकानदार विकतो तरी कसा?"

"विकतो. औषधवाला हवा तर वेगळा मागायचा."

"मग वेगळा मागा. त्यात विचार कसला करता?"

विचार करायचं कारण होतं तांबं. लाकडाला देतात त्या औषधात मुख्य घटक तांब्याचा असतो. पूर्वी त्यात क्रोमियम आणि आर्सेनिकही असायचं. घरगुती वापराच्या लाकडाला ते औषध देणं २००३ च्या अखेरीस इथे बंद झालं आणि त्याच्या जागी ज्यांत तांब्याचं प्रमाण जास्त अशी औषधं आली. असा तक्ता ॲल्युमिनियमवर ठेवला आणि मधे ओल आली की तांबं ॲल्युमिनियमला खायला लागतं. लाकूड वाचतं आणि त्याला पेलणारी पट्टी भोकं पडून जाते. बोटीच्या दृष्टीने हे जास्त वाईट, कारण तक्ता बदलता येतो, पट्ट्या बदलायच्या तर बोटच उसवावी लागते.

ही गोष्ट बाबांना समजावून सांगायला लागेल असं वाटलं होतं. पण आमच्या आजोळी तासगावला द्राक्षबाग. बाबा म्हणाले, "म्हणजे बोर्डोसारखंच की. मोरचूद लोखंडी बादलीत कोण भिजवतं?" द्राक्षांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात मोरचूद जास्त झालं का हे बघायला मामा त्यात लोखंडी खिळा बुडवायचा आणि खिळ्यावर तांबूस थर आला की आणखी चुना घालायचा. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. मी रसायनशास्त्र शिकले, पण हा दुवा मला जोडता आला नव्हता.

आर्सेनिकवाला प्लाय बोटींसाठी अजून मिळतो आणि ॲल्युमिनियमला तो त्यातल्या त्यात कमी त्रास देतो, असं आमचा शेजारी सांगत होता. तो निवृत्त आहे, मासे पकडण्यात त्याची हयात गेलेली. पण तक्ते आमच्या दारासमोर कापायचे होते. तो भुसा अंगणात, मुलांच्या पायांखाली आणि माझ्या मिरच्यांच्या कुंड्यांत नको होता. शेवटी आम्ही दुसऱ्या औषधाचा, आणि औषध दिल्यावर भट्टीत सुकवलेला प्लाय घेतला. भट्टीचा आग्रह बाबांचा नव्हता, माझा होता. औषध पाण्यातून देतात. न सुकवलेला तक्ता दुकानातून येतानाच आत पाणी घेऊन येतो, मग त्यावर काहीही चिकटवलं की ते पाणी आत कोंडतं. प्रत्येक आडव्या पट्टीच्या पाठीवर जाड प्लास्टिकची चिकटपट्टी लावायची, म्हणजे प्लाय आणि ॲल्युमिनियमची थेट गाठ पडणार नाही. बोल्ट स्टेनलेसचे.

लाकूड टाळायचे पर्यायही बघून झाले होते. नवऱ्याला ॲल्युमिनियमचा डेक आवडला होता. कुजत नाही, सडत नाही, जन्माचं काम. पण प्लायच्या मानाने फार महाग, चालताना वाजतो आणि उन्हात तापतो. दुसरा पर्याय अंगणातल्या डेकसाठी मिळणाऱ्या प्लास्टिक-भुशाच्या फळ्यांचा. ओळखीच्या एकाकडे त्या उरलेल्या होत्या, फुकट देत होता. मी वजन काढलं. १९ मिलिमीटरचा आठ बाय चारचा तक्ता साधारण ३० किलोचा. आमचा डेक आठ फूट रुंद, वीस फूट लांब, म्हणजे पाच तक्ते, दीडशे किलोच्या आसपास. त्या फळ्यांचं वजन याच्या जवळजवळ दुप्पट भरत होतं. बोटीवर माणसं आणि वजन किती चालेल याची पाटी असते. डेकने खाल्लेलं वजन माणसांच्या वाट्यातून जातं. शिवाय अखंड तक्ता दोन नळकांड्यांमधला सांगाडा ताठ धरतो, लाटेत चौकट तिरपी होऊ देत नाही. सुट्या फळ्यांना ते जमत नाही. फुकटच्या फळ्या नाकारताना नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

एवढं झाल्यावर ज्याच्यावर सगळे आधी भांडतात तो विषय आला: वर काय घालायचं? तक्ता कुठला हे कुणी विचारत नाही. सगळ्यांचं लक्ष वरच्या रंगाकडे. बाबांचा मात्र एकच प्रश्न असायचा, जो ते दुकानात गिऱ्हाइकाला सिंकखालच्या कपाटाबद्दल विचारत: "पाणी येणारच. जाणार कुठून ते सांग."

गालिचा स्वस्त. पायाला थंड लागतो, घसरत नाही, तक्त्यातले खाचखळगे झाकतो. पण पाणी धरून ठेवतो, आणि त्याच ओलीने आमचा जुना डेक गेला होता. शिवाय माशांचा वास, आणि गळाचा हूक अडकला की धाग्यासकट उपटावा लागतो. फोमच्या मऊ गाद्या मिळतात, पायाला सुखद, पण खुर्चीच्या पायांचे खळगे पडतात आणि डाग बसतात. गुळगुळीत व्हिनाइल पुसायला सोपं, ओलं झालं की निसरडं. विणलेलं व्हिनाइल त्यातल्या त्यात बरं: जाड धाग्यांची वीण, पाय धरते, पाणी पृष्ठावरून वाहून जातं, नळीने धुता येतं. त्याचाही दोष आहे. कड सुटली किंवा शिवण उघडली तर खाली गेलेलं पाणी वर येत नाही. मग खालचे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा रंग वर उमटून गुलाबी डाग पडतात. ते घासून जात नाहीत, कारण ते वरच्या बाजूला नसतातच.

इथे आमच्या माणसांचा हिशेब वेगळा पडतो. शेजाऱ्याच्या बोटीवर लोक बुटांनी उभे असतात, हातात गळ. आमच्या बोटीवर चपला दारात निघतात. ट्विन सिटीज या जोडशहरांतली मंडळी आली की पोह्यांचा डबा उघडतो, सोफे सोडून निम्मे जण खाली मांडी घालून बसतात, आणि आईला तर सोफ्यावर पाय लटकत ठेवून बसणं जमतच नाही. म्हणजे डेकला तळव्याने आणि मांडीने पसंत करायला हवं. दुकानातून नमुन्याचे तुकडे आणले आणि मे महिन्यातल्या पहिल्या खऱ्या उन्हात ड्राइव्हवेवर मांडून ठेवले. दुपारी अनवाणी एकेकावर उभी राहिले. गडद करड्यावर उभं राहवेना. सागासारख्या दिसणाऱ्या तपकिरीवर, जो फोटोंत सर्वांत देखणा, थोडा वेळ. फिक्या वाळूच्या रंगावर निवांत. नवरा म्हणाला फिका रंग मळेल. म्हटलं, मळला तर धुऊ, पण भाजला तर आई पुन्हा येणार नाही.

काम शेजाऱ्याच्या मदतीने झालं. वॉलाय मासे पकडण्याचा हंगाम मेच्या मध्यात उघडतो, त्याआधी त्याला मोकळं व्हायचं होतं, म्हणून त्याने आम्हाला पळवलं. कठडे आणि सोफे उतरवले, तारांना चिठ्ठ्या बांधल्या, गंजलेले बोल्ट कापले. जुने तक्ते पाणी पिऊन एवढे जड झाले होते की दोघांना उचलवेनात. नवे तक्ते ठेवून आम्ही भोकं वरून पाडली नाहीत. पट्ट्यांमधली जुनी भोकं होतीच, त्यांतूनच खालून वर ड्रिल केलं. त्यामुळे प्रत्येक बोल्ट जागच्या जागी आणि ॲल्युमिनियमला नवं भोक नाही. ही शेजाऱ्याची युक्ती.

सगळ्यांत जास्त वेळ मी कडांना दिला. प्लायचा पृष्ठभाग पाणी हळू पितो, कापलेली कड मात्र भराभर पिते, कारण तिथे सगळ्या थरांची तोंडं उघडी असतात. प्रत्येक कड, प्रत्येक भोक आणि सुकाणूच्या तारांसाठी कापलेला गाळा, सगळ्यांना इपॉक्सी पाजलं. एकदा पाजून ते जिरू दिलं, मग पुन्हा पाजलं. शेजारी म्हणाला, कारखान्यात एवढं कुणी करत नाही. म्हणूनच तर कारखान्यातले डेक दारापाशी कुजतात, असं मी मनात म्हटलं. दाराशीच ओले पाय येतात, दाराशीच कड असते.

व्हिनाइल चिकटवायला ऊब लागते. थंडीत डिंक धरत नाही आणि गुंडाळीची वळी जात नाही. ते एक दिवस उन्हात पसरून ठेवलं, मग दात्यांच्या थापीने डिंक ओढला आणि मधून कडांकडे लाटणी फिरवत हवा काढली. वीस फुटांत एकही जोड येऊ दिला नाही. त्यासाठी लांब तुकडा मागवावा लागला आणि तो महाग पडला. तो खर्च मी आजही योग्यच मानते. कडा खाली दुमडून स्टेनलेसच्या पिनांनी मारल्या.

उन्हाळ्यात आई-बाबा आले. आईने चपला काढल्या, डेकवर फतकल मारली आणि भुईमुगाच्या शेंगा सोलायला घेतल्या. तिचा निकाल लागला. बाबा मात्र डेककडे न बघता ट्रेलरखाली गेले. बोट अजून पाण्यात उतरवायची होती. पाठीवर झोपून त्यांनी सगळे तक्ते खालून ठोकून पाहिले.

"खालून रंग नाही दिला?"

मुद्दाम नाही दिला, मी सांगितलं. वरून व्हिनाइलने तोंड बंद झालंय. कुठूनतरी पाणी आत जाईलच, मग ते वाफ होऊन निघायला खालची बाजू मोकळी हवी. तुमचाच प्रश्न, जाणार कुठून? इथून.

"खालून तळ्याचं पाणी उडतं त्याचं काय? ते रोज येणार. तुझं वाफेचं कधी व्हायचं तेव्हा होईल."

दोघांचंही म्हणणं सांभाळणारा मार्ग मला दिसत नव्हता आणि ते हटायला तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी ते नवऱ्याला घेऊन दुकानात गेले आणि जहाजाच्या वार्निशचा डबा घेऊन आले. बरीच हुज्जत झाल्यावर तह झाला: पाचांपैकी एकाच तक्त्याला, मागच्या, खालून त्यांचं वार्निश. त्यांनी ते दोन हात दिलं आणि पट्टीवर मार्करने तारीख लिहिली. आता दर ऑक्टोबरमध्ये बोट पाण्याबाहेर काढली की मी खाली जाऊन पाचही तक्त्यांचे फोटो काढते आणि सांगलीला पाठवते. अजून दोन्हीकडचं लाकूड टणक आहे, आणि आपलंच बरोबर ठरत असल्याचं आम्ही दोघंही म्हणतो.