सेलोटेप

गेल्या महिन्यात संपादकांचा फोन आला: पुढच्या अंकापासून माझं संगीत-परीक्षणाचं पान बंद. फोन ठेवल्यावर आधी सुटल्यासारखं वाटलं. मग उगाचच कपाटाचा खालचा खण उघडून बसलो. कोंदट वास, आणि पावसाळ्यांत कॅसेटींच्या फितींवर धरलेली पांढरी बुरशी.

परीक्षणासाठी या कॅसेटी फुकट यायच्या. वर दुसरं काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून कंपनीच्या कॅसेटच्या मागच्या कडेला दोन भोकं ठेवलेली असतात. त्यांवर सेलोटेप चिकटवला की मात्र होतं. परीक्षण छापून आलं की मी सेलोटेप लावायचो आणि त्याच फितीवर पेटी घेऊन माझ्या चाली उतरवून ठेवायचो. रविवारी ज्या भावगीतांना ‘गुळगुळीत’ म्हटलं, सोमवारी त्यांच्याच उरावर माझी भावगीतं.

त्यातली एक कॅसेट काही डोक्यातून जात नाही. माझी चाल अंतऱ्यापाशी येऊन अडते. मी भाता सोडतो, बटणाचा खट् आवाज होतो, आणि त्याच क्षणी खालची मूळ गायिका सुरू होते, नेमकी तिच्या अंतऱ्याच्या मधोमध. जिथे मी अडलो तिथून ती सहज वळते आणि समेवर येते. तिच्याबद्दल मी काय छापलं होतं ते विसरलोय, अंतरा मात्र पाठ आहे.

मुखडा कुणालाही सुचतो, अंतऱ्यात माणूस उघडा पडतो. हे मला पेटीने शिकवलं, आणि मग कुणाचंही गाणं परीक्षणाला आलं की मी आधी अंतरा ऐकू लागलो. उलट मात्र कधी झालं नाही. परीक्षणं लिहून माझी एकही चाल सुधारली नाही, चाली नुसत्या लांबत गेल्या.

इथे केशवराव भोळ्यांचं तसं काही काम नाही, पण परीक्षणं आणि चाली दोन्ही म्हटलं की ते आठवतातच. ‘एकलव्य’ नावाने गायकांवर लिहिणारे तेच, आणि 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकाला संगीत देणारेही तेच. पुढे प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटासाठी (1936) त्यांनी ‘आधी बीज एकले’ला चाल लावली. शब्द शांताराम आठवल्यांचे, तरी कित्येक जण तो तुकोबांचाच अभंग समजून म्हणतात.

माझ्या एकुलत्या एक अल्बमवर एका परीक्षकाने लिहिलं होतं, ‘चाली ऐकल्यासारख्या वाटतात.’ एवढंच. कुणाच्या, कुठल्या, कुठली ओळ, काही नाही. अरे, राग सांग, गाण्याचं नाव घे! ‘कुठेतरी ऐकलंय’ हे पानाच्या टपरीवर म्हणायचं वाक्य. हा गृहस्थ कार्यक्रमाच्या मध्यंतरात दिसला की मी अजून वड्याची रांग सोडतो. केशवरावांची ती अभंगाची चाल तर ऐकल्यासारखी वाटायलाच हवी होती, हे त्याच्या तोंडावर फेकावंसं फार वाटतं. पण लगेच तो म्हणणार, तुम्ही काय केशवराव? तिथे मी संपलो.

पान बंद झाल्यावर एका मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर गाणं पाठवलं. शब्द, चाल, गिटार, सगळं त्याचंच, घरी लॅपटॉपवर केलेलं. ‘सर, छापून नाही आलं तरी चालेल, पण सांगा.’ सवयीने अंतरा आधी ऐकला. मुखडाच उचलून वरच्या सप्तकात नेऊन ठेवलेला. लिहायला बसलो, तर सवयीने पूर्ण सदराएवढा मजकूर झाला. पाठवला. उत्तर आलं, ‘सर, एवढं वाचायला नंतर बसतो, व्हॉइस नोट टाकाल?’

टाकली. बोलता बोलता तो अंतरा कुठून वळवता येईल ते गाऊनही दाखवलं. त्याला आवडलंय, तसंच घेतो म्हणतोय. वळण मूळ त्या गायिकेचं आहे, हे त्याला अजून सांगितलेलं नाही. गाण्यावर नाव कुणाकुणाचं टाकायचं, ते आता ठरवावं लागेल.