ठेवायचा की विकायचा

पर्वती उतरताना आजही तोच वाद, सुझलॉनचा शेअर ठेवायचा की विकायचा. कंपनीचं मुख्यालय आपल्या हडपसरला, म्हणून की काय, आमच्या घोळक्यात बहुतेकांकडे तो थोडाफार आहेच.

काकांनी 2008 च्या जानेवारीत चारशेच्या वर घेतला. मार्च 2020 मध्ये भाव दोन रुपयांच्याही खाली गेला, तेव्हा ‘आता विकून काय मिळणार’ म्हणत ते थांबले. शेजारच्या मुलाने नेमका तेव्हाच घेतला. सप्टेंबर 2024 मध्ये भाव ऐंशीपार गेला, त्याचे पैसे चाळीसपट झाले. काका अजून तोट्यातच.

मला वाटतं, आपला खरेदीचा भाव आपल्याला बांधून ठेवतो. बाजाराला तो ठाऊकही नसतो. बघायला हवं ते कंपनीचं कर्ज. सुझलॉनने परदेशी कंपन्या घेताना ते वाढत गेलं आणि वर्षानुवर्षं मानगुटीवर बसलं. ऑक्टोबर 2022 मध्ये संस्थापक तुलसी तांती गेले. त्यानंतर दहाच दिवसांनी 5 रुपये दराने 1200 कोटींचा राइट्स इश्यू, म्हणजे आधीच्या भागधारकांना नवे शेअर घेण्याची संधी, खुला झाला. कर्ज उतरत गेलं, भाव चढत गेला.

पण दोन रुपयांचा प्रत्येक शेअर असा उठत नाही. कित्येकांना रोज लोअर सर्किट लागतं; विकणाऱ्यांची रांग, घेणारा कुणीच नाही. तिथे विकायचं कधी, हे आपल्या हातात उरतच नाही. पेन्शनचा पैसा तिथे अडकलेला पाहिला की जीव तुटतो.

रविवारी काकांबरोबर ताळेबंद वाचायला बसणार आहे. आधी कर्जाचं पान, भावाचा आलेख नंतर.