पाटाकडेचं पेरूचं रोप

"काका, हे पण उपटायचं का?"

पाटाच्या भरावावर कॉलेजची मुलं-मुली ओळीने वाकून गाजरगवत काढत होती. त्यातल्या एकीने मान वर करून विचारलं. नाकातोंडाला ओढणी, हातात रबरी मोजे आणि चिमटीत वीतभर उंचीचं एक रोप. अजून उपटलं नव्हतं, नुसतं धरलं होतं. मी खाली वाकून पाहिलं. पानं समोरासमोर, शिरा उठून दिसणाऱ्या, आणि कोवळं खोड गोल नव्हे तर चौकोनी. पान चुरडायचीही गरज नव्हती. पेरू. बागेतून पोपटाने आणलेला असणार.

"राहू दे," मी म्हणालो. ती पुढे सरकली. मी मात्र तिथेच अडकलो.

कारण गाजरगवत अमेरिकेतलं आणि पेरूही अमेरिकेतलाच. गाजरगवत पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं ते १९५५च्या सुमारास. परदेशातून मागवलेल्या मिलो गव्हातून आलं असं आपल्याकडे सगळेच सांगतात. पेरू त्याच्या कितीतरी आधी पोर्तुगीजांच्या जहाजांतून उतरला. एकाला उपटायला आम्ही ऑगस्टच्या १६ ते २२ तारखांना देशभर सप्ताह पाळतो, आणि दुसऱ्याच्या नावावर आमच्या राहाता तालुक्याचं नाव चालतं. मग मी कशाच्या जोरावर "राहू दे" म्हणालो?

आमच्या मामांची पेरूची बाग होती. आता तिथे ऊस आहे. मामा बागेला पाणी देण्यापेक्षा पाणी तोडण्याबद्दल जास्त बोलायचे. झाडाला ताण द्यायचा, पानगळ होऊ द्यायची, मुळं उघडी करायची, मग शेणखत घालून पाणी सोडायचं आणि बहार धरायचा. मृग बहार धरायचा की आंबे, यावर घरात आठवडाभर खल चालायचा. मामींचं मत मृगाच्या बाजूने असायचं, कारण त्या बहाराची फळं थंडीत येतात आणि थंडीतल्या पेरूला जी गोडी असते ती पावसाळ्यातल्या फळाला नसते. मामींचं बरोबर होतं. पावसाळी पेरू पाणचट लागतो, हे माझं आजही ठाम मत आहे. आम्हा पोरांचं काम पोपट हाकलायचं. गोफण फिरवायची, डबा बडवायचा, आणि थवा उठला की त्याने अर्धवट टाकलेली फळं गोळा करायची. पोपटाने चोच मारलेल्या पेरूइतका गोड पेरू पाटीत कधीच सापडत नाही. पोपट कच्च्याला तोंड लावत नाही, असं आम्ही मानायचो. झाडं होती सरदार जातीची. या जातीला लखनौ-४९ म्हणतात म्हणून ती लखनौची असं मला बरीच वर्षं वाटायचं, पण तिची निवड झाली पुण्यात, गणेशखिंडीच्या बागेत, १९२७ साली, डॉ. चिमांच्या हातून. अलाहाबाद सफेदाच्या बियांतून उगवलेल्या झाडांमधून त्यांनी हे एक वेगळं काढलं. मामांच्या बागेतून उठून पोपट बांधावरच्या बाभळीवर बसायचे, आणि बाभळीखाली दरवर्षी पेरूची रोपं उगवायची. मामा त्यातली बहुतेक खुरप्याने काढून टाकत. एखादं ठेवत. हे ठेवणं-काढणं इतकं सहज चालायचं की ते काम आहे असं कुणाला वाटायचंच नाही.

आणि बागेत झाडांच्या मध्ये काय काय असायचं! हरळी असायची, केना असायचा, आघाडा असायचा. मामी त्यातूनच पितरांच्या नैवेद्याची भाजी खुडून आणत. पेरूने कुणाची जागा बळकावली नव्हती, कारण त्याला आवरायला मामांचं खुरपं तिथे होतं.

ते खुरपं नसेल तर पेरूही काय करतो, ते गॅलापागोस बेटांवर दिसतं. डार्विनमुळे जगाला ठाऊक झालेली ती बेटं. तिथे वसाहतींबरोबर पेरू पोहोचला आणि डोंगरउतारांवर त्याचं रान माजलं. गुरं फळं खातात आणि बी पसरवतात. तिथली ती प्रचंड कासवंसुद्धा पेरू मिटक्या मारत खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात. तिथली माणसं आज पेरू काढून टाकायला झटतात. राहात्याच्या माणसाला हे ऐकून कसंतरीच होतं. मला झालं.

बाभळीचंही तेच. आपली देशी बाभूळ, जिच्या डिंकाचे लाडू होतात, जिच्या लाकडाची औतं होतात, ती इथूनच ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला गेली. मेंढ्यांना सावली हवी होती. आता लाखो हेक्टर गवताळ रानांवर तिचे काटे आहेत आणि तिथले पशुपालक तिच्याशी झगडतात. इकडे कर्जत-जामखेडच्या माळांवर मेक्सिकोकडची वेडी बाभूळ पसरली. शेळ्या तिच्या शेंगा खातात आणि लेंड्यांतून पेरत जातात. दोन्हीकडे शेंग, दोन्हीकडे जनावराचं पोट. वाईट झाड असं काही नसतं, असं मला दिवसेंदिवस वाटत चाललंय. झाड आपल्या गावाबाहेर पडतं, तिथे त्याला खाणारी कीड नसते, आणि आपण जमीन वाऱ्यावर सोडलेली असते. मग ते शेजाऱ्याला उभं राहू देत नाही.

आमच्या तालुक्यात जंगल म्हणावं असं फारसं नाहीच. बिबट्याची मादीसुद्धा उसालाच रान समजून तिथे पिल्लं घालते. जे काही मोकळं आहे ते पाटाचे काठ, ओढे, गायरानं. तेवढ्यावरच मारवेल, कुसळी ही गवतं उगवू शकतात, तेवढ्यावरच तरवड पिवळा होतो. म्हणून त्या मुलांच्या श्रमदानाला मी महत्त्व देतो. पाऊस झाल्यावर माती ओली असते, गाजरगवत बुडाशी धरून ओढलं की मुळासकट येतं. पण ते फुलण्याआधी. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं, आणि फुलावर आलं की त्याच्या परागांनी अंगाला खाज सुटते, दम लागतो. फुललेलं गवत उपटून फोटो काढणाऱ्यांचा मला राग येतो, कारण ते वाहून नेताना बी पुढच्या वर्षासाठी सांडत जातं.

टणटणीचं काम याहून चिवट. वरून कापली की ती दुप्पट फुटते. दिल्लीच्या प्रा. सी. आर. बाबूंनी यावर एक साधी रीत बसवली. जमिनीखाली दोन-तीन बोटं, जिथे खोड संपून मूळ सुरू होतं, त्याच्या खाली कुदळीने तोडायचं आणि सगळं झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे मूळ आकाशाकडे राहून वाळतं. इथवर दोन माणसांचं बळ लागतं. त्यानंतर लागते ती नजर. टणटणीची काळी फळं बुलबुल खातात आणि जवळच्या झाडावर जाऊन बसतात, म्हणून पुढची दोन वर्षं त्या बसायच्या झाडांखाली जाऊन बोटभर रोपं हाताने काढावी लागतात. मामांच्या बाभळीखालचंच हे काम.

मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर नावाचं कोरकूंचं गाव आहे. २०१२ साली त्यांना १९३ हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड रान होतं. त्यांनी ते राखलं, गस्तीच्या पाळ्या लावल्या, आणि २०१४ साली त्यांना जैवविविधतेचा पुरस्कार मिळाला. त्या रानातली सीताफळं डब्यांत भरून शहरात जातात, त्यावर गावाला पैसा मिळतो. सीताफळही अमेरिकेतलंच. पायविहीरला ते खुशाल नांदतंय, कारण तिथे रोज कुणीतरी रानात फिरतं.

पाटाच्या भरावावर गाजरगवताच्या जागी टाकळ्याचं बी टाकावं, असं शेतीखात्याची माणसं सांगतात. टाकळा दाट येतो, गाजरगवताला दाबतो. मी मुलांच्या सरांना एवढंच सुचवलं की पुढल्या ऑगस्टात नवा पट्टा घेऊ नका, हाच घ्या, आणि डिसेंबरात एक रविवार बियांसाठी तरवडाच्या वाळलेल्या शेंगा गोळा करायला ठेवा. शेंगा चपट्या, तपकिरी, हलवल्या की खुळखुळतात. निमगावकडच्या ओढ्याला अजून भरपूर तरवड आहे.