पहिला फोटो

आमच्या पिढीत माणसाचा पहिला फोटो काढण्याची कुणालाच घाई नव्हती. माझा पहिला फोटो मॅट्रिकच्या फॉर्मवरचा, आणि त्यात मी फरारी आरोपीसारखा दिसतो. त्याआधीची सोळा वर्षं मी या जगात होतो, याला आईच्या शब्दाखेरीज पुरावा नाही. आमचं धरणगाव हे बालकवींचं जन्मगाव. १८९० साली त्र्यंबक बापूजी ठोमरे इथे जन्मले, तेव्हा कुणी पाळण्याशेजारी कॅमेरा रोवून बसलं असेल असं वाटत नाही. तरी ते व्हायचे ते बालकवी झालेच.

पुढे घरोघर आगफा क्लिक थ्री आला. एका रोलात बारा फोटो. ते बाराच्या बारा बारशासाठी राखून ठेवायचे. त्यात आत्या, मावश्या, काकू आणि पाळणा म्हणणाऱ्या शेजारणी बसवल्या की बाळाच्या वाट्याला टोपड्याची झालर आणि नाकाचा शेंडा येई. तेवढंही नजर लागायला पुरेसं आहे असं आमच्या आजीचं मत असल्यामुळे गालावर रुपयाएवढी तीट असे. आमच्या घरच्या सगळ्या बाळांचे फोटो एकाच बाळाचे वाटतात ते त्यामुळेच.

गेल्या वर्षी आमची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिच्यामागोमाग जावईबापूंची यादी आली. बाळंतपणाची यादी म्हणजे डिंक, अळीव, सुंठ, खारीक एवढंच मला ठाऊक. जावईबापू पुण्यात एका कंपनीत प्लॅनिंग बघतात. त्यांची यादी फोटोंची निघाली. एकूण एकवीस कलमं. 'दवाखान्यात निघताना (हसत)' हे पहिलं. सातवं 'पहिला श्वास', आठवं 'पहिलं रडणं', आणि अकरावं 'आजोबांच्या चेहऱ्यावरचा आनंद (नैसर्गिक)'. मी दोन दिवस आरशासमोर नैसर्गिक आनंदाचा सराव केला. सौभाग्यवतींनी विचारलं, "दाढ दुखतेय का?"

यादी डॉक्टरीणबाईंपुढे गेली. बाई शांत. म्हणाल्या, "नवऱ्यानं आत यायला हरकत नाही. पण फ्लॅश नको, माझ्या हाताच्या आड यायचं नाही, आणि मी 'बाहेर' म्हटलं की बाहेर!" मग त्यांनी त्या पहिल्या मिनिटांचा हिशेब सांगितला. बाळ पुसायचं, आईच्या छातीवर ठेवायचं. निदान एक मिनिट थांबून मग नाळ कापायची. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला श्वास, ठोके, रंग, हालचाल वगैरे बघून दहापैकी गुण द्यायचे. ही परीक्षा व्हर्जिनिया अपगार या डॉक्टरणीनं १९५३ साली जगापुढे मांडली. म्हणजे बाळ नुकतं कुठे येतंय तोच पेपर! "आणि बाळ जाहिरातीतल्यासारखं दिसत नसतं," बाई म्हणाल्या. "निळसर असतं, अंगावर लोण्यासारखा थर असतो, डोकंही थोडं लांबट असतं."

"ते एडिट करता येईल ना?" जावईबापूंनी विचारलं.

आमच्याच जिल्ह्यात, चाळीसगावला, केकी मूस नावाचे थोर छायाचित्रकार होऊन गेले. १९८९ साली वारले. टेबलावर छोटे छोटे देखावे रचून ते फोटो काढत. तो देखावा बिचारा फोटोग्राफरची वाट बघत बसे. बाळाचं तसं नाही. त्याला यादी वाचता येत नाही.

आमची नात पहाटे पावणेचारला आली. मी बाहेर बाकावर, चेहरा तयार ठेवून बसलो होतो. आतली धावपळ ऐकू आली आणि मग काहीच ऐकू येईना. आठव्या कलमाचा पत्ता नाही. पंखा फिरत होता. सौभाग्यवतींनी माझा हात इतका घट्ट धरला की लग्नातही धरला नव्हता. आत नर्सबाई बाळाची पाठ चोळत होत्या, हे नंतर कळलं. किती वेळ गेला? लेक म्हणते, मिनिटही नसेल. माझ्या घड्याळावर माझा विश्वास राहिलेला नाही.

मग रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत, खानदेशी. माझ्या चेहऱ्यावर काय उमटलं कोण जाणे. बघायला कुणी मोकळं नव्हतं.

सकाळी जावईबापूंचा मोबाईल तपासला. एकवीस कलमांपैकी एकच फोटो निघाला. त्यात छत, पंखा आणि नर्सबाईंचं अर्धं कोपर. "ती रडेना, तेव्हा यांनी मोबाईल खिशात टाकला आणि माझा हात धरला," लेक म्हणाली. जावईबापूंना अधिक काही विचारावं असं आम्हांला वाटलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी पुन्हा मोबाईल उचलला, तेव्हा नव्वदीच्या आमच्या आईनं दारातच अडवलं. "फोटू मंग काढजो रे भो, पयले माले पोर दखू दे!"

आता नातीचे फोटो हजारांच्या घरात गेले आहेत. पण पाहुणे आले की जावईबापू आधी तो पंख्याचाच फोटो दाखवतात आणि म्हणतात, "हा तिच्या जन्माच्या मिनिटाचा!" पाहुणे भक्तिभावानं पंखा बघतात. सौभाग्यवतींना मात्र त्यात एकच गोष्ट दिसते.

"पाती पुसायला झाली होती," त्या म्हणतात.