पावलाची कैफियत

कॅनॉट प्लेसच्या बाह्य वर्तुळातून निघून इंडिया गेटच्या रोखाने आग्नेयेस जाणाऱ्या रस्त्यास, मी दिल्लीला बदली होऊन आलो तेव्हा, कर्झन रोड म्हणत. पुढे त्यास कस्तुरबा गांधी मार्ग असे नाव मिळाले. व्हाइसरॉयच्या जागी ज्या स्त्रीची स्थापना झाली, तिच्या आणि तिच्या मुलांच्या पावलांविषयी एक छोटासा, पण लेखी, दाखला उपलब्ध आहे, हे त्या रस्त्याने नित्य जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असावे.

दाखला गांधीजींच्या आत्मकथेतला आहे. १८९६ च्या अखेरीस पत्नी, दोन मुलगे आणि विधवा बहिणीचा मुलगा यांना घेऊन ते आगबोटीने नाताळास निघाले, तेव्हा सुधारलेल्या लोकांत वावरायचे तर पोशाखही त्यास साजेसा हवा, या समजुतीने त्यांनी कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी नेसविली, मुलांना पारशी कोट-पाटलोण चढविली आणि सर्वांच्या पायांत बूट-मोजे घालविले. बूट पाय आवळीत, मोज्यांना घामाची दुर्गंधी येई, बोटे दुखून येत. तक्रारी झाल्या, परंतु तक्रारींना पतिराजांपाशी उत्तरे तयार होती आणि उत्तरांहून अधिकाराचे वजन मोठे होते, हे त्यांनीच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. ज्या पावलांत बूट चढविले गेले त्यांची कैफियत कोणी मागितली नव्हती. आणि मागितली असती तरी, पहिल्याच समुद्रप्रवासाच्या नवलाईत दंग असलेल्या त्या पोरांनी ती कितपत खरी दिली असती, याची मला शंका आहे.

याच गृहस्थाने पुढे, १९१० साली स्थापन झालेल्या टॉल्स्टॉय फार्मवर, स्वतः चपला शिवल्या. कालेनबाख नावाच्या त्यांच्या मित्राने ती विद्या मरियानहिलच्या ख्रिस्ती मठात जाऊन हस्तगत केली होती आणि त्याच्याकडून ती गांधीजींकडे आली. त्यांच्या हातचा एक जोड जनरल स्मट्ससारख्या प्रतिपक्ष्याच्या पायांतही गेला. आज दिल्लीत टॉल्स्टॉय मार्ग कस्तुरबा गांधी मार्गाला छेदून जातो. नगररचनेच्या नकाशांत इतका शहाणपणा योगायोगाने क्वचितच उतरतो.

मुलांच्या बुटांचा व्यवहार मला नेहमी एखाद्या चमत्कारिक खटल्यासारखा वाटत आला आहे, कारण त्यात ज्याचे हित गुंतलेले असते त्याचीच साक्ष ग्राह्य धरता येत नाही. जन्मतः मुलाच्या पावलात हाड थोडे आणि कूर्चा फार. ती कूर्चा हळूहळू हाडात परिणत होत होत पंधरा-सोळा वर्षे तरी जातात, आणि तोपर्यंत पाऊल इतके मऊ आणि सोशिक असते की, आखूड बुटात ते निमूटपणे दुमडून राहते आणि मालकाला त्याची वर्दीही देत नाही. प्रौढ माणसाला बूट चावला तर तो दुकानदाराशी भांडतो, मूल मात्र "लागतो का रे?" या प्रश्नाला, नव्या चामड्याच्या वासाने हरखून, "नाही" असेच उत्तर देते. ते खोटे बोलत असते असेही नाही. त्याला खरोखरच लागत नसते.

माझ्या लहानपणी साताऱ्यास या प्रश्नाची तड अगदी निराळ्या मार्गाने लावली जाई. वडील मामलेदार कचेरीत कारकून. पायांत काही घालणे हा आम्हां भावंडांच्या बाबतीत चैनीचा भाग. परंतु इंग्रजी शाळेत नाव दाखल झाल्यावर वहाणा शिवून घेण्याचे ठरले, आणि वडिलांनी कचेरीतून आलेला एक जुना लिफाफा उसवून, त्याच्या कोऱ्या बाजूवर मला उभे करून, पेन्सिलीने पावलाची रेघ काढली. टाचेकडून निघालेली पेन्सिल तळव्याच्या आतल्या पोकळ भागाशी आली की अशा काही गुदगुल्या होत की पाय आपोआप उचलला जाई, रेघ वाकडी होई आणि "हलू नकोस" असा हुकूम सुटे. रेघ पुरी झाली की, बोटांच्या पुढे दोन बोटे अंतर सोडून वडील दुसरी रेघ काढीत, आणि मोच्याकडे जाई ती ही दुसरी. वाढत्या अंगाचा सदरा, वाढत्या अंगाची विजार, तशीच वाढत्या पावलाची वहाण! वस्तुतः तो जोड माझ्यासाठी नव्हताच. दोन वर्षांनी जो मुलगा माझ्या जागी अस्तित्वात यायचा होता त्याच्या नावे तो शिवला जाई, आणि मी तो तोपर्यंत, मुखत्यार या नात्याने, फटक्-फटक् वाजवीत सांभाळीत असे. जे काही थोडे आठवडे तो नेमका बसे, ते बहुधा उन्हाळ्याच्या सुटीत येत, आणि सुटीत आम्ही अनवाणीच हुंदडत असू. नंतर तो धाकट्याकडे रुजू होई. वडिलांना दोष द्यावा असे मला कधी वाटले नाही; चार मुलांचे आठ पाय आणि एक पगार, एवढा हिशेब त्या दुसऱ्या रेघेत लिहिलेला होता. शिवाय उघड्या वहाणेत बोटांना वाव मिळे, त्यामुळे ती मोठी असली तरी पाऊल बिघडवीत नसे, हा तिचा गुण त्या काळी कोणी बोलून दाखवीत नसले तरी खराच होता.

दिल्लीत आल्यावर युद्धकाळात उभारलेल्या कर्झन रोडवरील बराकींत आमची कचेरी भरे. उन्हाळ्याच्या सुटीनंतर शाळा उघडण्याच्या सुमारास, कचेरी सुटल्यावर, मुलीला घेऊन मी पायीच कॅनॉट प्लेसला जात असे. तेथील एका दुकानात, फाळणीनंतर लाहोरहून आलेले एक वयस्क विक्रेते होते, आणि पाऊल मोजणे हे शास्त्र असू शकते हे मी प्रथम त्यांच्यापाशी पाहिले. संध्याकाळी आलात हे बरे केलेत, असे ते म्हणत, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा पसरतो, आणि सकाळी बेताचा बसलेला बूट सायंकाळी आवळतो. उतरत्या तोंडाच्या ठेंगण्या चौकीवर ते बसत. मुलीला मात्र बसू देत नसत, कारण अंगाचा भार पडल्यावाचून पावलाची खरी लांबी प्रकट होत नाही. टाच लाकडी मापपट्टीच्या कडेला टेकवून ते सरकता तुकडा बोटांपर्यंत आणीत. मग दुसरा पाय, कारण दोन्ही पावले सहसा सारखी नसतात आणि बूट मोठ्या पावलाच्या मापाने घ्यावयाचा असतो. बूट चढविल्यावर मी शिरस्त्याप्रमाणे "लागतो का गं?" असे विचारू लागलो, तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबविले. "बच्चे से मत पूछिए, साहब." आणि सर्वांत लांब बोटापुढे, बुटाच्या टोकाशी, आपला अंगठा दाबून त्यांनी जागा चाचपली. अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा मिळाली की मंजुरी. नाही तर बूट पेटीत परत. त्यानंतर मुलीला दुकानभर चालावयास लावून, चवडा जेथे वाकतो तेथेच बूटही वाकतो की नाही, आणि टाच सटकते का, हे ते मागून वाकून पाहत.

त्या पट्टीवरील आकडे मात्र मला अजब वाटत. मुलीचा पाय एका वर्षी तेराचा भरला आणि पुढच्या वर्षी एकचा, तेव्हा आपले पाऊल लहान झाले या समजुतीने तिला रडू कोसळले. मूळ इंग्रजी हिशेबात एक माप म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी, अर्थात इंचाचा तिसरा हिस्सा. मुलांचे शून्य चार इंचांपाशी धरतात, तेरा झाले की गणती पुन्हा एकपासून सुरू होते. जव आमच्याही मोजमापात आहेच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यवांचे एक अंगुल होते. मात्र तेथे दाण्याची लांबी नव्हे, मधली जाडी धरली आहे.

साक्षीदाराचा भरवसा नाही म्हणून पुराव्याच्या शोधात माणसे किती दूर जातात, त्याचा मासला पाश्चात्त्य देशांत घडला. १९२० नंतर अमेरिका आणि इंग्लंड येथील बुटांच्या दुकानांत क्ष-किरणांची यंत्रे आली. मुलाने बूट घालून पाय खालच्या फटीत सरकवावेत, आणि वरच्या तीन झरोक्यांतून विक्रेत्याने, आईने व खुद्द मुलाने बुटातली हाडे हिरवट उजेडात हलताना पाहावीत, अशी ती तजवीज. मुलांना ती इतकी आवडे की ती पुन्हा पुन्हा पाय घालीत. किरणांचा धोका ध्यानी आल्यावर, १९५७ साली पेनसिल्वेनिया राज्याने प्रथम बंदी घातली आणि ती यंत्रे हळूहळू अडगळीत गेली. अंगठ्याने जे कळत होते त्यासाठी हाडांचा पंचनामा! सिराक्यूजच्या ब्रॅनॉकने बनविलेले, लांबी, रुंदी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतर एकदम मोजणारे धातूचे साधे माप त्याहून कितीतरी सभ्य होते, आणि टिकलेही तेच.

बूट घालावेतच कशाला, असा प्रश्न माझ्या पत्नीने एकदा केला होता, आणि त्याचे अर्धे उत्तर १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आहे. कस्तुरबा मेडिकल कॉलेजातील डॉक्टरांनी (येथेही नाव कस्तुरबाच!) चार ते तेरा वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पावलांचे प्रमाण शेकडा ८.६ आढळले, अनवाणी वाढलेल्यांत २.८, आणि बंद बूट घालणाऱ्यांत ते चपलावाल्यांपेक्षा अधिक होते. शाळांना मात्र काळे, बंद, चकचकीत बूटच हवे असतात. दिल्लीच्या मे महिन्यात ते का हवे असतात, हे मला आजतागायत कोणी पटवून दिलेले नाही.

आता म्हणे आपली स्वतःची मापे येणार. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात, देशभरातील ७९ ठिकाणी, एक लाखाहून अधिक माणसांची पावले त्रिमितीय यंत्राने मोजली, आणि आपले पाऊल युरोपियांच्या पावलाहून रुंद आहे, असा निष्कर्ष काढला. अरुंद बूट आवळतो म्हणून आपण एक-दोन मापे लांब बूट घेतो, तो मग पुढे सैल पडतो, लेस करकचून आवळावी लागते. असा हा वर्षानुवर्षांचा घोटाळा. 'भ' या नावाच्या प्रस्तावित पद्धतीत वयोमानाप्रमाणे आठ गट आहेत आणि त्यांतले पहिले चार अकरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे. कस्तुरबांच्या आवळलेल्या बोटांची दखल घ्यावयास सरकार दरबारी सव्वाशे वर्षे लागली, असे मी घरी म्हणालो, तेव्हा मुलीने "बाबा, प्रत्येक गोष्टीचा संबंध त्या रस्त्याशी लावू नका" म्हणून मला गप्प केले.

हीच मुलगी हल्ली नातीचे बूट दूरध्वनीच्या पडद्यावरून मागविते. मागच्या खेपेस आले ते मी नातीला उभे करून तपासले. बोटांपुढे माझा अंगठाच काय, करंगळीही मावेना. "लागतात का गं?" असे तिच्या आईने विचारलेच. नातीने ठामपणे नाही म्हणून सांगितले, कारण पाऊल टाकताच त्या बुटांच्या टाचेत तांबडे दिवे लागत. मी परत पाठविण्याचा आग्रह धरला, नातीने रडण्याची नोटीस दिली, आणि वाटाघाटी रात्रीच्या जेवणापर्यंत लांबल्या. अखेर तह झाला: माप वरचे, दिवे कायम, आणि आईच्या खास आग्रहावरून आणखी अर्धे माप जास्त, म्हणजे पुढच्या वर्षीही चालतील.