गिऱ्हाईक कोणत्या शब्दाने येते?

आपल्या समाजात ज्यांनी दुकान टाकले, त्यांतल्या कित्येकांना पाटीवर काय लिहावे हा प्रश्न पडलेला आम्ही पाहिला आहे. आडनाव लिहिले तर गिऱ्हाईक पायरी चढेल का, बाबासाहेबांची तसबीर गल्ल्यामागे लावावी की घरातच ठेवावी, अशी कुजबूज चालते. आता दुकान वेबसाईटवर आले तरी हा प्रश्न सुटलेला नाही. त्याने फक्त रूप बदलले आहे.

आमच्या वस्तीतल्या महिला बचत गटाने पांढऱ्या सुती साड्यांना निळे काठ लावून विकण्याचे काम धरले आहे. मुलांचे पांढरे झब्बे-लेंगेही शिवतात. गटातल्या एका ताईंच्या मुलाने वेबसाईट काढून दिली आणि हिशेब पाहायला आम्हाला बोलावले. आम्ही गेलो तेव्हा वाद चालला होता तो शब्दांवरून. मुलगा म्हणाला, "काका, नुसते 'पांढरी साडी' लिहू. 'बौद्ध' लिहिले की बाकीचे गिऱ्हाईक तुटेल." ताई म्हणाल्या, "अरे, मग आपली साडी शोधणाऱ्याला ती सापडणार कशी?"

आमचे मत ताईंच्या बाजूने पडले, आणि ते केवळ भावनेपोटी नव्हे. गुगलवर 'पांढरी साडी' असे टाईप करणारा कोण असेल याचा विचार करा. कुणाला केरळची सोनेरी काठाची हवी असते, कुणाला स्नेहसंमेलनासाठी, तर कुणी नुसता नटीचा फोटो शोधत असतो. (पावसात भिजणाऱ्या नट्यांनी या शब्दावर आधीच कब्जा केलेला आहे!) शिवाय मोठमोठ्या कंपन्या रांगेत पुढे उभ्या. तिथे आठ बायकांचा गट कितव्या पानावर दिसणार? याउलट 'बौद्ध लग्नासाठी पांढरी साडी निळा काठ' असे लिहिणारे थोडे असतील. पण जो लिहितो त्याच्या घरी बहुधा लग्न ठरलेले आहे. तो खरेदीलाच निघालेला आहे.

अशा लांब, नेमक्या शोधांना 'लाँग टेल' म्हणतात, म्हणजे लांब शेपूट. कमी खपाच्या पण असंख्य प्रकारच्या वस्तूंसाठी हा शब्द क्रिस अँडरसन यांनी २००४ साली 'वायर्ड' मासिकातल्या लेखाने रूढ केला. पुढे तो शोधशब्दांनाही लागला. गुगलनेच सांगितले आहे की रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के पूर्वी कधीच न विचारलेले असतात. लोक आपापल्या बोलीत विचारतात, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा 'केसरी'ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. म्हणून बाबासाहेबांनी नावे सौम्य केली नाहीत. १९२७ साली दुसरे पत्र काढले, त्याचे नाव तर 'बहिष्कृत भारत'. ज्यांच्यासाठी पत्र होते, त्यांना नावातूनच हाक होती.

मग शब्द निवडायचे कसे? आम्ही ताईंना एक वही घालायला सांगितली. फोनवर गिऱ्हाईक जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरायचे. पंधरा दिवसांत वही बोलू लागली. कुणी 'साडी' म्हणत नव्हते, 'लुगडं' म्हणत होते. कुणी 'सफेद', कुणी 'शुभ्र'. इंग्रजी अक्षरांत साडीच्या शेवटी कुणी एक 'आय' लिहितो, कुणी दोन 'ई'. मग एकेक शब्द गुगलच्या चौकटीत अर्धाच टाकून खाली कोणत्या सूचना येतात ते पाहिले. गुगलच्या जाहिरात खात्यात 'कीवर्ड प्लॅनर' मिळतो. एखादा शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो हे त्यात ढोबळ कळते.

मधेच एक एजंट आला. पानाच्या पोटात न दिसणारे शंभर कीवर्ड घालून देतो, पैसे आगाऊ द्या, म्हणाला. त्या छुप्या कीवर्डच्या यादीकडे आपण क्रम लावताना पाहत नाही, हे गुगलने २००९ सालीच जाहीर केले आहे. ते ऐकल्यावर त्याने चहा अर्धा ठेवला.

खरा कस लागला तो 'खादी' या शब्दावर. तो खूप शोधला जातो, म्हणून मुलाला तो घालायचा होता. कापड मात्र गिरणीचे. २०१३ च्या खादी मार्क नियमांप्रमाणे प्रमाणपत्राशिवाय खादी म्हणून कापड विकता येत नाही. पण ताईंनी नियम ऐकायच्या आधीच नकार दिला होता. "रोज विहारात चौथे शील म्हणतो ना आपण?" एवढेच त्या म्हणाल्या.

शेवटी पानाच्या मथळ्यात 'बौद्ध विवाहासाठी पांढरी सुती साडी' असे ठळक लिहिले. फोटोंखाली काठाचा रंग, लांबी आणि किंमतही लिहिली. ऑर्डरींचा पाऊस काही पडला नाही. पण दुसऱ्या महिन्यात चंद्रपूरहून एका नवरीच्या आईचा फोन आला. तिने आधी "जयभीम ताई" म्हटले आणि मग भाव विचारला. नवरीची एक आणि करवल्यांच्या चार, अशा पाच साड्या गेल्या.

आता बाळांच्या कपड्यांवरून नवा वाद आहे. 'नामकरण' लिहावे असे ताईंचे म्हणणे, तर लोक 'बारसे'च टाईप करतात असे मुलाचे. सध्या दोन्ही शब्द ठेवले आहेत. धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत वहीत काय येते ते पाहू.